पाहुणे आलेत

आमच्या वसंत निवासात तीस वर्षं पाहुणे येत होते आणि त्यातला एकही पाहुणा कधी कुणाला दिसला नाही. ते यायचे पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या नलूताई बर्व्यांच्या दोन खोल्यांत. विजेचा मीटर बघायला माणूस आला, की नलूताईंकडे पाहुणे आलेले असायचे. मालकाचा भाडेवसुलीचा माणूस आला, की पाहुणे. जनगणनेच्या बाई आल्या तेव्हा ओट्यावर पोळ्यांच्या इतक्या चळती होत्या, की त्यांनी घाबरून विचारलं, "यातले कायम राहणारे किती?" नलूताई लाटणं न थांबवता म्हणाल्या, "मी एकटीच. बाकीचे जेवले की जातात." बाईंनी एक लिहिलं आणि भाजीचा वास घेत पुढच्या दाराकडे गेल्या.

नलूताईंचं पोळी-भाजी केंद्र होतं. हे वाक्य मी आज बिनधास्त लिहिते आहे, कारण इमारत पडली आहे आणि माझ्या सासूबाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही. एरवी हे मोठ्यानं बोलायची आमच्या जिन्यात कुणाची टाप नव्हती. डोंबिवलीतली ही जुनी पागडीची इमारत. खोली राहायला घेतली असेल तर तिथे नुसतं राहायचं. धंदा केला तर मालक कोर्टात जाऊन खोली काढून घेऊ शकतो, आणि विजेचं बिलही दुकानाच्या दरानं येतं. बर्वेकाकांची कंपनी बंद पडली, मग वर्षभरात काकाही गेले, आणि नलूताईंनी लाटणं हातात घेतलं. तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं होतं, की धंदा करायचा तो धंदा नसल्यासारखा.

म्हणून केंद्राला पाटी नव्हती. नावाची सुद्धा नव्हती, उगाच कुणाला वाचायची सवय लागायला नको. लोक एकमेकांना पत्ता सांगायचे तो असा : "पहिला मजला, ज्या दारावर काहीच लिहिलेलं नाही ते." डबा गिऱ्हाइकानं स्वतःचा आणायचा, कापडी पिशवीतून, आणि नेताना वर मेथीची जुडी ठेवून न्यायचा, म्हणजे बाई बाजारातून आल्यासारखी दिसते. जुडी नसेल तर नलूताई द्यायच्या, पण ती संध्याकाळी परत करावी लागे. एकेक जुडी आठवडाभर जिना चढायची-उतरायची. शेवटी शेवटी तिच्याकडे बघून मालकाच्या माणसालाही कळत असणार, पण त्याच्याही घरी पाहुणे येत असावेत.

दिसायला बाई ठेंगणी. चष्म्याच्या काड्यांवर कायम पिठाची पूड, उजव्या कोपराला पट्टा, आणि बोलणं मोजकं. "पोळ्या किती हव्यात?" असं त्यांनी कधी विचारलं नाही.

"माणसं किती?"

"चार."

"त्यात भुकेली किती आणि नखरेल किती?"

उत्तर ऐकून त्या आकडा स्वतःच ठरवायच्या आणि तो कधी चुकायचा नाही. कुणी "दोन जास्त द्या" म्हटलं, तर "उद्या शिळ्या खाशील आणि नावं मला ठेवशील" म्हणून धुडकावून लावायच्या.

त्यांच्या जोडीला सुमन जाधव होती. कोपरहून सकाळी सातला यायची. भाजी तिच्याकडे, पोळी नलूताईंकडे; मधल्या सीमारेषेवर पिठाची परात. बाहेरचं कुणी आलं, की सुमन लगेच पदर सारखा करून भिंतीला टेकून बसायची, मांडीवर हात ठेवून. ती नलूताईंची बदलापूरची मावसबहीण, चार दिवस राहायला आलेली. हे चार दिवस वीस वर्षं चालले. सुमन म्हणायची, "ताई, एवढी वर्षं पाहुणी आहे मी, कुणी चहासुद्धा विचारला नाय." त्यावर नलूताई म्हणायच्या, "चहा पाहुण्यांनीच करायची पद्धत आहे आपल्यात. दोन कप टाक." मावसबहिणी एकमेकींसारख्या दिसत नाहीत, आडनावांचा काही मेळ लागत नाही, असं कुणा शहाण्यानं एकदा सुचवलं होतं. "आमच्या मावशीनं मनासारखं लग्न केलं," एवढंच उत्तर मिळालं.

आता नलूताईंची खरी कला सांगते. गोल, पातळ, मऊ पोळी डोंबिवलीत शंभर बायका करतात. नलूताई पोळी करायच्या ती ज्या घरी जाणार त्या घरच्या बाईच्या हातची दिसेल अशी. कारण त्यांच्या निम्म्या गिऱ्हाइकांनी घरी सांगितलेलंच नव्हतं, की पोळ्या विकतच्या आहेत. आमच्या गावात बाईनं नोकरी करावी, आठ तेराची गाडी धरावी, मुलांचा अभ्यास घ्यावा, हे सगळ्यांना मान्य होतं. फक्त पोळ्या घरच्या असाव्यात एवढीच माफक अपेक्षा. नलूताईंच्या डोक्यात प्रत्येकीचा हात पक्का बसलेला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या कडा जाड. समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाईंच्या पोळीला मीठ कमी. आणि नवी सून गिऱ्हाईक झाली, की तिचा तर अभ्यासक्रमच असायचा.

"पहिले तीन महिने नकाशे," त्या मला समजावून सांगत होत्या. "मग कडा जाड, पण आकार बरा. सहाव्या महिन्यात गोल. एकदम गोल दिली तर सासूला संशय येतो. माणूस शिकताना दिसलं पाहिजे."

"आणि तिला खरंच कराव्या लागल्या तर?"

"तर माझ्याकडे यावं आठ दिवस, शिकवते. आल्यात का कुणी?"

माझं स्वतःचं प्रकरण पुरणपोळीचं. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला सासूबाई चिपळूणहून आल्या आणि मी भलत्याच आत्मविश्वासानं पुरण शिजवायला घेतलं. दुपारी बारापर्यंत त्याची खळ झाली होती. मी रडत पहिल्या मजल्यावर गेले. नलूताईंनी पातेल्यात बघितलं, ते बाजूला ठेवलं आणि तासाभरात पंधरा पुरणपोळ्या करून दिल्या. चौदा रेशमासारख्या आणि एक करपलेली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"ही सगळ्यात वर ठेव. नाहीतर खरं वाटायचं नाही."

सासूबाईंनी ती करपलेली बाजूला काढली, दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली आणि म्हणाल्या, "वैशाली, पहिली तव्यावर राहिली वाटतं. पण हात चांगला आहे हो तुझा." तेव्हापासून दर होळीला माझ्या डब्यात सगळ्यात वर एक करपलेली पुरणपोळी असते. सासरच्या चार घरांत माझ्या पुरणपोळीचा लौकिक आहे. बावीस वर्षांत तो मोडायचं धैर्य मला झालेलं नाही.

मालकानं एकदा खरंच दावा लावला होता. राहत्या जागेत खानावळ चालवतात, तेव्हा जागा खाली करून द्या, असा. नलूताईंनी कल्याण कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं : "माझ्या घरी कोणताही व्यवसाय चालत नाही. माझा गोतावळा मोठा असून पाहुण्यांचा राबता असतो." खाली शेजाऱ्यांच्या साक्षी होत्या, त्यात माझीही. 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' याखाली मी सही केली, तेव्हा माझ्या पिशवीत त्यांच्याच सहा पोळ्या होत्या, अजून गरम. मालकाला एक गिऱ्हाईक साक्षीला मिळालं नाही. मालकाच्या वकिलांनी कसून प्रयत्न केले म्हणे. ते कसे करत होते देव जाणे, कारण त्यांच्या घरचा डबा मंगळवार-शुक्रवार सुमन भरायची. दावा फेटाळला गेला. निकालाची नक्कल नलूताईंनी देवाच्या फोटोमागे ठेवली आणि पुन्हा तव्याशी उभ्या राहिल्या. बाई खोटं बोलून जिंकल्या, असं आम्हाला कुणालाच वाटलं नाही. आम्हाला वाटलं, न्याय झाला.

मग एका उन्हाळ्यात तळमजल्यावरच्या घड्याळजींच्या दुकानातला खांब तडकला. तपासणी झाली, भिंतीवर 'अतिधोकादायक' अशी लाल पाटी लागली, आणि आठवड्यात पाणी-वीज तोडून आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. कुणी टिटवाळ्याला गेलं, कुणी अंबरनाथला. आम्ही कोपरला भाड्यानं जागा घेतली. नलूताई ठाण्याला नौपाड्यात भावाकडे गेल्या. निघताना त्यांनी पोळपाट, लाटणं आणि तवा एवढंच स्वतः उचललं. बाकी सामान टेम्पोवाल्यानं कसंही भरलं तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. रिकाम्या ओट्यावर तीस वर्षांत पोळपाटानं पाडलेला गोल खळगा होता. तेवढा मात्र त्या हातानं चाचपून आल्या.

इमारतीच्या जागी एकोणीस मजली टॉवर ठरला. बिल्डरच्या माणसानं सगळ्या भाडेकरूंना बोलावून नियम सांगितला. घर होतं त्याला घर. धंदा होता त्याला तळमजल्यावर गाळा, आणि बांधकाम होईपर्यंत धंदा बुडाला त्याची वेगळी भरपाई. कुणाचं काय होतं ते पालिकेच्या यादीत ठरेल. फॉर्मवर एक रकाना होता : 'वापर – निवासी / व्यावसायिक'. घड्याळजींनी ऐटीत व्यावसायिकवर खूण केली. नलूताईंच्या हातात पेन तसंच राहिलं.

"नव्या घरात पोळ्या करता येतील ना?" त्यांनी विचारलं.

बिल्डरचा माणूस हसला. "आजी, टॉवर आहे. घरात बिझनेस अलाऊड नाही. आणि गेटवर प्रत्येक गेस्टची मोबाइलवर एंट्री होणार. सेफ्टीसाठी हो."

म्हणजे गाळा मिळाला तर केंद्र राहणार होतं, नाहीतर संपणार होतं. नलूताईंचं आणि सुमनचंही. बाईंनी एक श्वास घेतला आणि 'व्यावसायिक'वर खूण केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी खरं लिहिलं. पंधरा दिवसांत मालकाची हरकत आली. हरकतीला एकच कागद जोडलेला होता : नलूताईंचं प्रतिज्ञापत्र.

पालिकेनं पुरावा मागितला. दुकानाचा परवाना नव्हता, पाटीचा फोटो नव्हता, व्यावसायिक वीजबिल नव्हतं. तीस वर्षं ज्या बाईनं पुरावा उरू दिला नाही, ती आता पुरावा कुठून आणणार? आमचे वकील म्हणाले, निदान दहा गिऱ्हाइकांची लेखी निवेदनं आणा. शेकडो गिऱ्हाइकांतून दहा! आम्ही तिघी हसत निघालो.

पहिल्या घरी चहा, चिवडा, नलूताईंच्या तब्येतीची चौकशी, सगळं झालं. कागद पुढे केल्यावर बाई उठून दार लोटून आल्या. "नलूताई, तुमच्यासाठी जीव देईन. पण सासूबाई आतच आहेत हो." दुसऱ्या घरी मुलीचं लग्न ठरत होतं आणि मुलीच्या आईच्या हातच्या पोळ्यांचं व्याह्यांनी फार कौतुक केलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आमचे डॉक्टर पेशंटना सांगतात, घरचं खा. आता बोला." तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तर नवऱ्यासमोरच म्हणाल्या, "इश्श, आम्ही कधी विकतचं आणलंच नाही!" आणि आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला येऊन नलूताईंचा हात धरून रडल्या. एका निवृत्त सरांनी मात्र उदारपणे कागद मागून घेतला, दोनदा वाचला, त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि सही न करता परत दिला. अकरा घरं झाली. अकराव्या घरातून बाहेर पडल्यावर सुमन पायरीवर बसली आणि म्हणाली, "ताई, आपण यांना एवढं झाकलं, की आपणच झाकलो गेलो."

नलूताई म्हणाल्या, "त्यांचं चूक नाही. मीच पोळ्या एवढ्या चांगल्या बिघडवून दिल्या."

बाराव्या घराची पाळी आली, ते माझं. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "तू मध्ये पडू नकोस. त्या जुन्या कागदावर तुझी सही आहे. आज उलट लिहिलंस तर तुलाच कोर्टात ओढतील." मला हायसं वाटलं. लाज त्यानंतर वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

सुनावणी पालिकेच्या प्रभाग कार्यालयात होती. अधिकारी तरुण होता, तिशीचाही नसेल, बोलायला नम्र. समोर मालकाचे वकील, तेच जुने, मंगळवार-शुक्रवारवाले. त्यांनी प्रतिज्ञापत्र खड्या आवाजात वाचलं. 'पाहुण्यांचा राबता' आला तेव्हा ते किंचित हसले, आणि नलूताईंकडे न बघता खाली बसले.

अधिकाऱ्यानं विचारलं, "आजी, यात तुम्ही म्हणताय धंदा नाही. फॉर्ममध्ये म्हणताय धंदा आहे. खोटं कधी बोललात? तेव्हा की आता?"

"तेव्हा."

"मग आता खरं कशावरून?"

"आता मला जागा नाही, म्हणून. जागा होती तोवर खोटं परवडत होतं."

त्यानं डोकं खाजवलं. "मला पटतंय हो. पण मी लिहू काय? काहीतरी दाखवा ना. एक गिऱ्हाईक दाखवा. एकच."

नलूताईंनी खाली मान घातली. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. वकील निघायला लागले तर तो म्हणाला, "बसा, पाच मिनिटं. डबा खातो आणि निकाल सांगूनच टाकतो, पुन्हा तुम्हाला हेलपाटा नको." त्यानं टेबलावरच्या फायली सरकवल्या, डबा उघडला आणि पोळीची घडी वर काढली.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. इमारत सुटल्यावर नलूताई गप्प बसल्या नव्हत्या. भावाकडे स्वयंपाकघर वहिनीचं. म्हणून त्या रोज सकाळी नौपाड्याहून कोपरला सुमनच्या खोलीवर यायच्या आणि दुपारपर्यंत तिथे पोळ्या लाटायच्या. थोडीच घरं, बहुतेक नवी. डबे घ्यायला बायकाच यायच्या. त्यांचे नवरे नलूताईंनी बघायचं काही कारण नव्हतं. त्या दिवशीही सकाळचे डबे देऊनच त्या सुनावणीला आल्या होत्या.

पोळी आधी सुमननं बघितली. तिनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं, की बांगडी रुतली. मग मलाही दिसलं. एका बाजूची कड बोटभर जाड. मधोमध एकच तपकिरी डाग, मुद्दाम ठेवलेला. आकार बरा, पण गोल नाही. अभ्यासक्रमाचा पाचवा महिना.

पुरावा टेबलावर होता. गरज होती एका वाक्याची. त्या पोळीची दुसरी घडी न उघडता नलूताई सांगू शकल्या असत्या, की आत तेलाचा हात कुठून कुठे फिरला आहे. आणि तो माणूस तर एकच गिऱ्हाईक मागत होता.

तिघी बायका आपल्या डब्याकडे टक लावून बघताहेत असं दिसल्यावर तो बिचारा ओशाळला. "घ्या ना आजी, अर्धी. बायकोनं केल्यात. पाच महिने झाले लग्नाला. सुरुवातीला नुसते नकाशे असायचे," तो अभिमानानं हसला. "आता बघा. सकाळी साडेपाचला उठते हो. ऑफिस सांभाळून."

सुमननं तोंड उघडलं. नलूताईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"छान झाल्यात," त्या म्हणाल्या. "हात चांगला आहे तिचा. अजून महिनाभरात अगदी गोल होतील बघा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"अनुभव."

वकिलांनी चटकन मान वर केली. "कसला अनुभव?"

"सुनांचा," नलूताई म्हणाल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. पण वकिलांच्या कागदात तशी नोंद नव्हती.

अधिकाऱ्यानं डबा संपवला, हात धुतले आणि फार वाईट वाटून घेत निकाल लिहिला. वापर : निवासी. गाळा नाही, धंद्याची भरपाई नाही. सही झाल्यावर तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, एक साधा पुरावा असता ना, तर मी केलं असतं." मला वाटतं, त्यानं खरंच केलं असतं.

बाहेर आल्यावर सुमन कडाडली. "एक शब्द बोलायचा होता ताई! एक! माझंपण पोट आहे ना त्यात! पोळी समोर होती तुमच्या!"

"होती."

"मग?"

"मग ती पोरगी आज संध्याकाळी त्याच्यासमोर ताट वाढताना कुठे बघेल, ते तू सांग."

"आणि आपण कुठं बघायचं?"

नलूताई पायऱ्या उतरताना पहिल्यांदाच कठड्याला धरून उतरल्या. खाली आल्यावर त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि सुमनला म्हणाल्या, "तुझं नुकसान केलं मी. ते खरं आहे." रिक्षा आली, तेव्हा आधी नलूताईंना आत बसवून मग ती बसली. त्या सबंध प्रकरणात मी काय केलं, असं कुणी विचारलं तर मी रिक्षा थांबवली होती.

यंदा होळीच्या आदल्या दिवशी मी सुमनच्या खोलीवर गेले. सासूबाई येणार होत्या. खोली म्हणजे एकच दहा बाय बाराची, एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला पुरणाचं पातेलं, मधोमध नलूताई पोळपाट घेऊन जमिनीवर. उभ्यानं लाटायची सवय असलेली बाई खाली बसून लाटत होती, आणि त्यानं त्यांचे खांदे पुढे आल्यासारखे दिसत होते. मला बघून विचारलं, "माणसं किती?"

"पाच."

"सासूबाईंचे दात आहेत ना अजून? मग पंधरा."

चौदा झाल्या. पंधरावी तव्यावर पडली आणि दार वाजलं. सुमननं उघडलं तर तिची घरमालकीण. नाकानं हवा ओढत आत डोकावली.

"काय गं सुमन, रोजचा घमघमाट असतो तुझ्याकडे. काय चाललंय काय? मी भाड्यानं राहायला दिलीय हां खोली."

सुमन दारातून बाजूला होत म्हणाली, "काय नाय वहिनी. पाहुण्या आल्यात आमच्याकडे. बदलापूरची मावसबहीण माझी."

नलूताईंनी लाटणं खाली ठेवलं. पदर सारखा केला, भिंतीला टेकल्या आणि मांडीवर हात ठेवून बसल्या. वीस वर्षं सुमन बसायची अगदी तशा.

घरमालकिणीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बरं, बरं. किती दिवस मुक्काम?"

तव्यावरची पोळी उलटायची वेळ झाली होती. पण पाहुण्या बाईनं परक्या घरच्या तव्याला हात कसा लावायचा? नलूताई हलल्या नाहीत. पोळीकडे नुसत्या बघत राहिल्या, आणि आमच्या देखत ती पुरणपोळी कडेपासून मधोमध काळी पडत गेली. त्यांच्या हातून न ठरवता करपलेली अशी एकच पोळी मी पाहिली, ती ही.

घरमालकीण गेल्यावर सुमननं ती तव्यावरून काढली आणि माझ्या डब्यात सगळ्यात वर ठेवली.